लोकांचा डबा

तिने चादरीची चौघडी घालून तिच्यावर डबा उपडा केला, तरी नाण्यांचा व्हायचा तो आवाज झालाच. तिने हात थांबवून कानोसा घेतला. शेजारी मिक्सर चालू होता, म्हणजे निदान शेजारणीच्या कानांची काळजी नव्हती. मग तिने बाह्या वर सारल्या आणि मोजायला बसली. दहाची नाणी उशीकडे, पाचाची मध्ये, दोनाची आणि एकाची पायांपाशी. भाजीतून उरलेली, रद्दीतून आलेली, नवऱ्याचा शर्ट धुताना खिशात सापडलेली आणि मग न सांगता आपली म्हटलेली, अशी ती चार वर्षांची नाणी होती.

बेरीज चार हजारांच्या थोडी वर गेली. तिने पुन्हा मोजले. पैसे दुसऱ्यांदा मोजले की वाढतात अशी काही तिची समजूत नव्हती, पण करून बघायला काय जाते. वाढले नाहीत.

शटरवाल्याने साडेसात हजार सांगितले होते. तेही जुने शटर, कापून तिच्या खिडकीच्या मापाचे करून देण्याचे. पुढच्या खोलीची ती खिडकी थेट रस्त्यावर उघडत होती आणि रस्त्यापलीकडे शाळा होती. वह्या, पेने, साबण, सुईदोरा असे लहानसे दुकान तिथे सहज चालेल, हे तिने कधीच हेरून ठेवले होते. मात्र दुकान म्हटले की शटर हवे, यावर ती ठाम होती. सकाळी ते खडखडत वर जाईल आणि साऱ्या गल्लीला कळेल की बाई कामाला लागल्या. आजवर या घरात सगळे काही नवऱ्याच्या बसच्या वेळांवर चालत आले होते. एक तरी आवाज आपल्या वेळेवर व्हावा, एवढेच तिचे म्हणणे होते.

ती उठली, स्टुलावर चढली आणि कपाटावरचा दुसरा डबा तिने खाली घेतला.

हा डबा मोठा होता, बिस्किटांचा, सुतळीने बांधलेला. तो तिचा नव्हता. खरे तर तो नवऱ्याचाही नव्हता, निदान त्याच्या मते. तिने सुतळी सोडली, ही नाणीही मोजली आणि मग दोन्ही बेरजा मनातल्या मनात एकमेकींशेजारी मांडल्या. शटर होत होते. वर दीडदोनशे उरत होते. ती बराच वेळ त्या नाण्यांकडे बघत बसली, मग तिने सगळी परत डब्यात भरली, सुतळी जशी होती तशी बांधली आणि डबा जागच्या जागी ठेवून दिला.

संध्याकाळी नवरा घरी आला. तो बसवर कंडक्टर होता आणि गल्लीतली मुले त्याला सुट्टेकाका म्हणत, कारण 'सुट्टे काढा, सुट्टे' हे तो कधीकधी झोपेतही म्हणे. त्याने चपला काढल्या, पाणी प्यायले आणि कपाटाकडे एकदाच पाहिले.

"डबा कोणी काढला होता?"

"कुठला?"

"घरात डबे शंभर असतील, पण गाठ मारलेला एकच आहे."

"पुसायला काढला होता."

"पुसल्यावर गाठ बदलते का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मोजला मी तो. छत्तीसशे आहेत. माझे आणि ते मिळून शटर होतंय."

"ते आपले नाहीत."

"मग कोणाचे आहेत?"

"लोकांचे."

हे उत्तर तिला पाठ होते. बसमध्ये कोणी मोठी नोट दिली आणि त्याच्याकडे सुट्टे नसले की तो सांगे, उतरताना घ्या. माणसे उतरताना घाईत असतात. कोणाचे मूल झोपलेले, कोणाची पिशवी फाटलेली. निम्मे लोक विसरून जात. नोकरीला लागला तेव्हा असे पैसे तो इमानेइतबारे ऑफिसात भरायला गेला होता. पैसे कमी भरले तर पगारातून कापणाऱ्या त्या कॅशियरने जास्तीचे पाहून कपाळाला हात लावला होता आणि कृपा करून माझी बेरीज बिघडवू नका, असे सांगितले होते. तेव्हापासून ती नाणी घरी येत. दुसऱ्या दिवशी कोणी आठवणीने मागितले तर तो देई. कोणी मागितले नाही तर ती डब्यात राहत.

"लोकांना आठवतंय तरी का?" तिने विचारले.

"मला आठवतंय ना."

"मग त्यांच्या घरी नेऊन द्या! एवढी वर्षं वर ठेवून काय मिळवलंत? आणि मी काही दागिने मागत नाहीये. दुकान काढतेय. त्यात लोकांचीच सोय आहे."

"दुकान काढ. मी नको कुठे म्हणतोय? या डब्यातून नाही, एवढंच." तो पुढे म्हणाला, "आणि मी काही दुकानात बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"बोलावलंय कोणी?"

बोलून गेल्यावर तिला वाटले की हे बोलायला नको होते. येत्या शनिवारी त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. फंडातले पैसे घराच्या कर्जात आधीच गेले होते, पेन्शन बेताचीच होती आणि तो आठवडाभर रोज संध्याकाळी ती चामड्याची बॅग मांडीवर घेऊन तिचे बक्कल पुसत बसत होता. बॅग शनिवारी परत करायची होती, तरी तो पुसत होता. तिला त्याची दया येई, आणि दया आली की ती जास्तच चिडे.

पुढचे दोन दिवस त्या घरात भांडीच काय ती बोलली. ताट जरा जोरात ठेवले जाई, पेला जरा जोरात उचलला जाई. त्याने मीठ मागितले नाही, तिने दिले नाही, आणि तो अळणी जेवला.

शुक्रवारी शटरवाला सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून खिडकीतून म्हणाला, "वहिनी, उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघतो. चाव्या बनवणारा मागे लागलाय. तो रोख देतोय."

"उद्या देते," ती म्हणाली. कुठून, ते तिलाही माहीत नव्हते.

शनिवारी तिला जाग आली तेव्हा तो निघून गेला होता. तिने चहा ठेवला, सहज वर पाहिले आणि तिच्या हातातली साखर सांडली. कपाटावर डबा नव्हता.

तिने चहाखालचा गॅस बंद केला. तो कामावर जाताजाता शटरवाल्याकडे गेला असणार, याविषयी तिला काही शंकाच उरली नाही. असाच होता तो. तोंडाने नाही म्हणायचे आणि मग काही न बोलता करून टाकायचे. मुलीच्या कॉलेजच्या वेळी असेच झाले होते. एवढ्या माणसाला आपण दोन दिवस अळणी जेवू घातले, म्हणून तिला भरून आले. तिने आपली नाणी एका जाड कापडी पिशवीत ओतली, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती शटरवाल्याकडे गेली.

"हे आले नव्हते का?"

"कोण?"

"आमचे हे. डबा घेऊन."

शटरवाल्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर चढवला. "नाही बुवा. सकाळपासून इथेच आहे मी."

तिथल्या लोखंडी स्टुलावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. शटर भिंतीला टेकून उभे होते. एका कडेला गंजलेले, पण रंग दिला असता तर छान दिसले असते. येईल, मधल्या सुट्टीत येईल, असे म्हणता म्हणता ऊन दारातून आत आले. मग एकदम तिच्या लक्षात आले की डबा घेऊन तो कुठे गेला असेल, आणि ती उठून तरातरा बसथांब्यावर गेली.

त्याची गाडी आली तेव्हा ती मागच्या दाराने चढली. इतकी वर्षे संसार केला, पण त्याच्या ड्यूटीच्या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती. गाडी भरलेली होती. पिशवीच्या ओझ्याने वाकलेल्या तिला पाहून कॉलेजच्या एका मुलीने शेवटच्या रांगेतली आपली जागा दिली आणि मुलगी तिथेच दांडीला धरून उभी राहिली. तो पार पुढे होता. खांद्यावर बॅग, एका हातात तिकिटाचे यंत्र आणि कोपराखाली दाबलेला बिस्किटांचा डबा.

"तुमचं तिकीट भरलंय," तो एका माणसाला सांगत होता. मांडीवर ब्रीफकेस ठेवलेला तो माणूस नोट पुढे करून बसला होता.

"कोणी भरलं?"

"तुम्हीच. मागे कधी राहिलेल्या सुट्ट्यांतून."

"माझे तर काही राहिले नव्हते."

"मग दुसऱ्या कोणाचे राहिले असतील. धरा."

"नंतर काही फॉर्मबिर्म भरून घेणार का?"

"नाही हो."

त्या माणसाने तिकीट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासले आणि तरीही पटले नसल्यासारखे खिशात ठेवले. कंडक्टरने डब्यातून तिकिटाएवढी नाणी मोजून आपल्या बॅगेत टाकली आणि तो पुढच्या बाकाकडे वळला. तिथे टोपली घेतलेली एक बाई होती.

"माझे राहिलेत बरं का," ती म्हणाली. "सात. त्या दिवशी माझी छत्री मोडली होती."

"सातच. आठवतंय मला. तिकीट पंधराचं आहे, वरचे आठ दुसऱ्यांचे."

"मग त्यांना सांगा, पोचले म्हणून."

एका शाळकरी मुलीजवळ पास होता. तिने तिकीट नको म्हणून सांगितले आणि तळहात पुढे केला. "माझे दोन द्या." त्याने दोनाचे नाणे शोधून तिच्या हातावर ठेवले. मुलीने ते लगेच मुठीत घट्ट धरले.

शेवटच्या रांगेतून ती हे सगळे बघत होती. सकाळपासूनची ही तिसरी खेप असणार. शटरचा एकेक पत्रा तिकीट होऊन लोकांच्या खिशात चालला होता आणि लोकांना त्याचे काही नव्हते. रागाने तिचे कान तापले. त्याला काय काय सुनवायचे ते तिने क्रमाने ठरवले, पुन्हा एकदा मनात घोकले आणि मान वर केली. तो कोणाशीतरी बोलताना हसत होता. नुसता ओठांनी नाही, खांदे हलवून. असा तो तिला फार दिवसांनी दिसत होता, आणि हा माणूस आपल्या घरी का येत नाही, असे काहीतरी तिच्या मनात येऊन गेले.

तो शेवटच्या रांगेपाशी पोचला आणि थबकला.

"तू?"

तिने शंभराची नोट पुढे केली. "एक द्या. शेवटच्या थांब्याचं."

"भरलंय ते."

"त्या डब्यात माझं काही राहिलेलं नाही." घोकलेल्यातले एकही वाक्य तिला आठवेना. "आणि माझं जे राहिलंय ना तुमच्याकडे, ते असल्या दहा डब्यांत मावायचं नाही."

ब्रीफकेसवाल्याने मान पूर्ण मागे वळवली. कंडक्टरने हातातल्या यंत्राकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "किती ते नाही सांगता येणार. पण राहिलंय, हे माहीत आहे."

तो भांडला असता तर ती भांडली असती, तिची सगळी तयारी होती. तिने नोट परत घेतली आणि पिशवीचा बंद उगाच घट्ट केला. त्याने डब्यातली नाणी मोजून तिचे तिकीट काढले, तिच्या हातात दिले आणि तो शेजारच्या माणसाकडे वळला.

मग त्याचा हात डब्याच्या तळाशी खरवडला. त्याने डबा तिरका केला, आत पाहिले, तळहातावर उपडा केला. एकाची दोन नाणी पडली. अजून चौघे राहिले होते. कॉलेजची मुलगी, गळ्यात वायरचे वेटोळे अडकवलेला एक वायरमन, एक नर्स आणि काठी घेतलेले एक आजोबा. पुढच्या साऱ्यांना मिळाले म्हणून हे चौघे निवांत होते. आजोबांनी तर बाहेर काढलेले पाकीट पुन्हा आत ठेवून वर बटणही लावले होते.

कंडक्टरने स्वतःचा खिसा चाचपला. त्यात त्याच्या चहापुरते असायचे, ते तिला माहीत होते. त्याचे तोंड एकदम उतरले.

"असू दे, असू दे," आजोबा घाईघाईने बटण सोडू लागले. "आम्ही आपले देतो की. एवढं केलंत, पुष्कळ झालं."

ते चांगल्या मनानेच बोलत होते, पण शर्यतीत शेवटी आलेल्या पोराला म्हणावे तसे बोलत होते. त्याच्या शेवटच्या दिवशी त्याला कोणी तसे म्हणावे, हे तिला सहन झाले नाही. ती रागावलेली होतीच, पण रागवायचा हक्क तिचा होता.

"थांबा आजोबा," ती म्हणाली आणि तिने पिशवीचा बंद सोडला. चार तिकिटांचे पैसे तिने चटचट मोजले आणि नवऱ्याच्या हातावर ठेवले. "हे चौघांचे."

"हे तुझ्या डब्यातले आहेत."

"मग? मोजून घ्या."

त्याने खरेच मोजून घेतले. मग चार तिकिटे फाडली. आजोबांनी आपले तिकीट घेतले आणि तिच्याकडे वाकून विचारले, "हे आता कोणाचे राहिले होते?"

"कोणाचे नाही. हे आमच्या दुकानाचे आहेत."

"कुठलं दुकान?"

"शाळेसमोर. निळ्या भिंतीचं घर आहे ना, ते."

"तिथे कुठे दुकान आहे?" ब्रीफकेसवाल्याने पुढून विचारले. "मी रोज जातो तिथून."

"सोमवारपासून आहे," ती म्हणाली.

हे तिने ठरवले नव्हते. ते तोंडातून आधी बाहेर पडले आणि मग तिला ऐकू आले. नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

"आणि शटर?"

"चाव्यावाल्याला लावू दे. खिडकीची जाळी काढली, आडवी फळी टाकली की झालं. रात्री माल आत उचलून ठेवायचा. शटरचे पैसे मालात घालते." बोलता बोलता तिला ते पटत गेले. चार वर्षे ती दाराचे पैसे साठवत होती आणि दाराआड ठेवायचे काय, ते उधारीवर सोडून बसली होती. "शटर काय, मागाहून येईल. खडखडवायचं तेव्हा खडखडवीन."

"वह्या मिळतील?" वायरमनने विचारले. त्याची मुलगी त्याच शाळेत होती.

"वह्या, पेनं, साबण, सुईदोरा. आणखी काय हवं ते सांगा, आणून ठेवते."

"काकू," दांडीला धरलेली कॉलेजची मुलगी म्हणाली, "सुट्टे देणार का पण? सगळीकडे हातात गोळ्या टेकवतात."

"देणार तर." तिने पिशवीचा बंद पुन्हा बांधला. "त्याच्यासाठी माणूस ठेवलाय मी."

क्षणभर कोणाला कळले नाही. मग आजोबा हसले, नर्स हसली, आणि हसणे पुढच्या रांगांकडे सरकत गेले. ज्यांना काय झाले ते कळले नव्हते, तेही हसले. कंडक्टर रिकामा डबा छातीशी धरून उभा होता. त्याला काहीतरी बोलायचे होते, आणि बायकोला ते ऐकायचे होते, पण दोघांनाही सगळ्या बसदेखत ते जमणारे नव्हते.

"पगार ठरला का कंडक्टरसाहेब?" ब्रीफकेसवाल्याने विचारले.

"आधी काम बघू," तीच म्हणाली.

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकून शेजारी जागा केली. जागा तशी कमीच होती. आजोबाही काठी सावरून थोडे सरकले.

"बसा आता जरा," ती म्हणाली.

गाडी चालू असताना तो कधी बसत नसे. त्याने एकवार पुढपर्यंत नजर टाकली. तिकिटे सगळ्यांची झाली होती, उभे असलेले नीट उभे होते. तो बसला. डबा त्याने पायांशी ठेवला आणि काय करावे ते न कळून हात गुडघ्यांवर ठेवले. पुढचा थांबा येईपर्यंत त्याला कोणी हाक मारली नाही.